डॉटपुढची यादी : पायथनमध्ये टाइप कसे आले

२३ डिसेंबर २००४. नाताळची सुट्टी लागता लागता गिडो व्हान रॉसम यांनी एक लेख प्रसिद्ध केला. पायथन ही भाषा त्यांनीच घडवलेली. तिच्यात काय यावे आणि काय येऊ नये, याचा अखेरचा शब्दही त्या काळी त्यांचाच होता. लेखातली सूचना वरवर साधी होती. फंक्शन लिहिताना पॅरामीटरच्या नावापुढे कोलन द्यायचा आणि तो कोणत्या टाइपचा आहे ते लिहायचे. फंक्शन काय परत देते तेही एका छोट्या बाणापुढे नोंदवायचे. ज्याला हवे त्याने लिहावे, नको त्याने सोडून द्यावे. उदाहरण म्हणून त्यांनी दोन संख्यांचा मसावि काढणारे फंक्शन घेतले होते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसरा लेख आला आणि लगोलग तिसरा. आता ही आगपाखड थांबवा, असे तिसऱ्याच्या शीर्षकातच सांगायची वेळ त्यांच्यावर आली होती. भाषेच्या जनकाने सुचवलेल्या एका ऐच्छिक सोयीवर तिच्याच चाहत्यांनी एवढे तुटून पडावे, असे त्यात काय होते?

याचे उत्तर पायथनच्या घडणीत आहे. ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या गिडोंनी १९८९ च्या नाताळात ही भाषा छंद म्हणून लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती जगापुढे ठेवली. तिच्यात टाइप नाहीत असे अनेकदा म्हटले जाते, पण ते खरे नाही. टाइप आहेत आणि ते चांगलेच कडक आहेत. आकडा आणि स्ट्रिंग यांची बेरीज करायला सांगितली तर पायथन साफ नकार देते. फरक एवढाच की टाइप वस्तूला असतो, नावाला नसतो. एका नावात आत्ता ५ ठेवा, पुढच्या ओळीत त्याच नावात 'सातारा' ठेवा, भाषेची हरकत नाही. फंक्शनही येणाऱ्या वस्तूची जात विचारत नाही. तिला सांगितलेले काम जमले की झाले. बदकासारखे चालते-बोलते ना, मग बदकच समजा, हे या पंथाचे सूत्र, आणि 'डक टायपिंग' हे नावही त्यावरूनच आले.

सी किंवा जावामध्ये प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप आधी जाहीर करावा लागतो, नाहीतर कंपायलर पुढे सरकू देत नाही. त्या सक्तीला कंटाळून कितीतरी प्रोग्रॅमर पायथनकडे आले होते. दहा ओळींत काम भागते, लिहिले की लगेच चालवून बघता येते, हे सुख त्यांनी अनुभवले होते. ज्या गोष्टीपासून पळून आलो तीच मागच्या दाराने घरात येते आहे, असे त्यांना वाटले. 'ऐच्छिक' या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. आज ऐच्छिक असलेले उद्या शिष्टाचार होते आणि परवा सक्ती, ही भीती अगदीच अनाठायी होती असे मी म्हणणार नाही.

पण त्याच काळात पलीकडच्या गोटाला एक वेगळेच बक्षीस मिळाले होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकमध्ये आणि बोर्लंडच्या डेल्फीमध्ये एक नवी सोय दिसू लागली. व्हेरिएबलचे नाव लिहून डॉट दिला की एडिटर एक यादी उघडून दाखवायचा: या वस्तूला काय काय करता येते, कोणत्या फंक्शनला काय द्यावे लागते. दशक उलटताच जावासाठी इंटेलिजे आणि एक्लिप्स आले आणि ही यादी आणखी हुशार झाली. यामागे काही जादू नव्हती. जावाच्या प्रोग्रॅमरने टाइप जाहीर केलेलाच असतो. एडिटरने तो वाचायचा, त्या टाइपची व्याख्या उघडायची आणि तिथली नावे समोर मांडायची. कंपायलरसाठी भरलेल्या माहितीचा फायदा एडिटर उचलत होता.

पायथनवाल्यांकडे या तोडीचे काही नव्हते असे नाही. कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे संशोधन करणाऱ्या फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथन लिहायला घेतले. त्याच्या प्रॉम्प्टवर वस्तूचे नाव, डॉट आणि टॅब दाबला की यादी येते, आणि ती बिनचूक असते. कारण तिथे ती वस्तू प्रत्यक्ष मेमरीत असते. तुला काय काय येते, असे तिलाच विचारता येते आणि ती सांगते. वैज्ञानिकांना पायथनची गोडी लागली त्यात या टॅबचा वाटा मोठा आहे.

एडिटरकडे मात्र वस्तू नसते, नुसता मजकूर असतो. प्रोग्रॅम अजून चाललेलाच नाही. मजकुरात 'नाव बरोबर रिकामी यादी' असे लिहिलेले असेल तर अंदाज सोपा आहे. दुसऱ्या फंक्शनकडून काही परत येत असेल तर ते फंक्शन उघडून आतले वाचता येते. पण फंक्शनच्या पॅरामीटरपाशी सगळे अडते. फंक्शन कोणीही, कुठूनही, काहीही देऊन बोलावू शकतो. आतल्या पहिल्या ओळीत त्या पॅरामीटरचे नाव लिहून डॉट दिला की एडिटरच्या डोळ्यांपुढे अंधार. आणि प्रोग्रॅमरचा बहुतेक वेळ जातो तो फंक्शनच्या आतच.

हा अंधार कमी करण्यासाठी लोकांनी जी मेहनत घेतली तिची नोंद क्वचितच घेतली जाते. रोप नावाची लायब्ररी आली. २०१२ च्या सुमारास डेव्ह हाल्टर यांची जेडाय आली. पॅरामीटरचा टाइप कळेना, तर ते फंक्शन कुठून कुठून बोलावले आहे ते शोधायचे आणि तिथे काय दिले आहे त्यावरून तर्क बांधायचा, असा उलटा तपास जेडाय करायची. पायचार्म हा जेटब्रेन्सचा एडिटर २०१० मध्ये बाजारात आला. फंक्शनखाली माणसांसाठी लिहिलेल्या वर्णनात 'हा पॅरामीटर अमुक टाइपचा' असे ठराविक पद्धतीने लिहिले असेल तर तो ते वाचून घ्यायचा. डीबगरमध्ये प्रोग्रॅम चालत असताना कोणत्या फंक्शनला कोणते टाइप आले हे टिपून ठेवण्याची सोयही त्याच्यात होती. म्हणजे टाइप लिहायचे नाहीत असे ठरवलेल्या भाषेत लोक टाइप लिहीतच होते. फक्त ते कॉमेंटमध्ये आणि वर्णनात, ज्याच्या त्याच्या पद्धतीने, विखुरलेले होते. कोणी तपासत नसल्यामुळे कोड बदलला तरी वर्णन जुनेच राहायचे.

इकडे गिडोंनी वाद निवल्यावर मधला मार्ग काढला. भाषेत बदल सुचवणाऱ्या क्रमांकित प्रस्तावांना पायथनच्या जगात 'पेप' म्हणतात. पेप ३१०७ हा २००६ चा, कॉलिन विंटर आणि टोनी लोंड्स यांच्या नावाचा. कोलन आणि बाण यांची लेखनपद्धत त्याने मान्य केली, पण त्यांना अर्थ मात्र दिला नाही! कोलनपुढे टाइप लिहा, वाक्य लिहा, आकडा लिहा. पायथन ते जपून ठेवील, पण त्यावरून काही करणार नाही. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आले तेव्हा ही ॲनोटेशनची सोय त्यात होती, आणि पुढची काही वर्षे ती जवळजवळ बिनवापराची पडून राहिली. मला हा निर्णय या साऱ्या कथेतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. सगळ्यांनी मिळून जागा मोकळी ठेवली आणि तिथे काय बांधायचे ते अनुभवावर सोडले.

ती जागा भरणारा माणूस केंब्रिजमध्ये होता. युक्का लेहतोसालो हे फिनलंडचे. दोनशे ओळींच्या स्क्रिप्टपासून लाखो ओळींच्या प्रणालीपर्यंत एकच भाषा पुरी पडेल का, सुरुवात टाइपशिवाय करून कोड वाढेल तसे टाइप घालत जाता येतील का, हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय. त्यासाठी त्यांनी आधी आलोर नावाची स्वतःची भाषा केली आणि नंतर तिला पायथनच्या जवळ नेत मायपाय तयार केले. सुरुवातीचे मायपाय म्हणजे पायथनसारखी दिसणारी, पण सीसारखे टाइप नावाच्या आधी लिहिणारी वेगळीच भाषा होती. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे भरलेल्या पायकॉन या पायथनच्या परिषदेत त्यांनी ते मांडले आणि तिथे त्यांची गिडोंशी गाठ पडली. वेगळी लेखनपद्धत सोडा, पायथन ३ मध्ये ॲनोटेशनची जागा आहेच, तीच वापरा, असे गिडोंनी त्यांना पटवले. स्वतःच्या भाषेचा आग्रह सोडणे संशोधकाला सोपे नसते. लेहतोसालोंनी तो सोडला. त्या क्षणापासून मायपाय ही वेगळी भाषा उरली नाही. साध्या पायथन कोडकडे बाहेरून पाहून चुका दाखवणारा तो तपासनीस झाला, आणि त्याने तपासलेला कोड साध्या पायथन ३ वर जसाच्या तसा चालू लागला.

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. गिडो २०१३ च्या सुरुवातीलाच गूगल सोडून ड्रॉपबॉक्समध्ये गेले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी मायपायची पद्धत भाषेची अधिकृत पद्धत करावी असा प्रस्ताव मांडला आणि त्यातून पेप ४८४ चा मसुदा आला. लेखक तिघे: गिडो, लेहतोसालो आणि तेव्हा फेसबुकमध्ये असलेले वुकाश लांगा. एक अडचण होती. पेप मंजूर करण्याचा अधिकार गिडोंचा आणि इथे तर ते स्वतःच लेखक. म्हणून निवाड्याचे काम मार्क शॅनन यांच्याकडे सोपवले गेले. मे २०१५ मध्ये त्यांनी संमती दिली आणि सप्टेंबरात पायथन ३.५ बरोबर टाइप हिंट अधिकृतपणे आले.

दहा वर्षांपूर्वीची आगपाखड या वेळी का झाली नाही? विरोध होता, पण भाषेचे दोन तुकडे पाडील असा नव्हता. याचे एक कारण पेपच्या मसुद्यातच आहे. पायथन डायनॅमिक भाषाच राहील, टाइप हिंट कधीही सक्तीचे करायचे नाहीत, अगदी रूढी म्हणूनही नाहीत, अशी ग्वाही लेखकांनी त्यात दिली होती. आणि ती नुसती ग्वाही नव्हती, तशी रचनाच होती. पूर्णांक म्हणून जाहीर केलेल्या पॅरामीटरला तुम्ही 'सातारा' दिलेत तर पायथन आजही निमूट चालवते. त्या फंक्शनात पुढे बेरीज आली तर तिथे अडेल, नाहीतर नाही. तपासणी करायची तर मायपायसारखे वेगळे अवजार स्वतः चालवायचे.

दुसरे कारण सैद्धांतिक, पण फार कामाचे. जेरेमी सीक आणि वालिद ताहा यांनी २००६ मध्ये 'ग्रॅज्युअल टायपिंग'ची कल्पना मांडली होती. तिचा गाभा म्हणजे पायथनमध्ये 'एनी' या नावाने आलेला एक टाइप. जिथे काही लिहिलेले नाही तिथे 'एनी' आहे असे धरायचे. तो कोणत्याही टाइपशी जुळतो आणि कोणताही टाइप त्याच्याशी जुळतो. त्यामुळे वीस वर्षांच्या जुन्या कोडमध्ये एकाच फंक्शनला टाइप लिहिले तरी चालते. तपासनीस तेवढ्यापुरताच बोलतो, बाकीच्या कोडबद्दल तक्रार करत नाही.

आणि तिसरे कारण, माझ्या मते खरे कारण, एडिटर. वाद नेहमी शिस्तीभोवती झाला: टाइपमुळे चुका किती पकडल्या जातात, स्वातंत्र्य किती जाते. पण टेबलाशी बसलेल्या प्रोग्रॅमरला टाइप लिहिल्याचे पहिले फळ मिळाले ते दुसरेच. पॅरामीटरपुढे कोलन देऊन टाइप लिहिला की त्याच क्षणी खालच्या ओळीत डॉटपुढे यादी उघडू लागली. चूक पकडली गेल्याचे समाधान कधीतरी, आठवड्यातून एकदा मिळत असेल. ही यादी दर मिनिटाला मिळते. विश्वास नसलेल्यांनीही टाइप लिहायला घेतले ते या लाभासाठी.

यासाठी आणखी एक कष्टाचे काम लागले. आपल्या कोडमध्ये टाइप लिहून काय उपयोग, जर पायथनच्या स्वतःच्या प्रमाण लायब्ररीत ते नसतील? फाइल उघडली तर काय मिळते, तारीख वजा केली तर काय मिळते, हे कोणीतरी लिहायला हवे होते. त्यातून टाइपशेड उभे राहिले. हजारो फंक्शनांच्या फक्त पॅरामीटर आणि टाइप सांगणाऱ्या ओळी, आतला कोड नाही, वेगळ्या फायलींत लिहून ठेवलेल्या. ते जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहिले, आणि मायपाय, पायचार्म, पुढे जेडाय, सगळे तोच साठा वापरू लागले. आज नवशिक्या विद्यार्थी स्ट्रिंगपुढे डॉट देतो आणि एडिटर त्याला नेमके सांगतो की इथून आकडा मिळेल की यादी, तेव्हा बहुधा टाइपशेडमधली एक ओळ वाचली जात असते.

मोठ्या प्रमाणावरची कसोटी ड्रॉपबॉक्समध्ये लागली. तिथला कोड प्रचंड आणि बहुतांशी पायथन २ मधला. त्या जुन्या पायथनला ॲनोटेशन समजत नसत. म्हणून पेप ४८४ नेच सोय करून ठेवली होती की टाइप कॉमेंटमध्ये लिहावेत. लेहतोसालो आता ड्रॉपबॉक्समध्ये आले होते आणि गिडो स्वतः त्यांच्याबरोबर मायपायवर काम करत होते. भाषेचा जनक आपल्या भाषेच्या तपासनिसावर राबतो आहे, हे दृश्य मला फार मोलाचे वाटते. मुख्य अडचण निघाली वेगाची. साऱ्या कोडची तपासणी व्हायला कित्येक मिनिटे लागत. एवढा वेळ थांबून कोणी अवजार वापरत नाही. आधी, जे बदलले तेवढेच तपासायचे अशी सुधारणा झाली. पण फायली एकमेकींना इतक्या गुंतागुंतीने आयात करत होत्या की एक बदलली की शेकडो हलायच्या. मग मायपायला सतत मेमरीत जागे ठेवून, एकेका फंक्शनाच्या पातळीवर काय कशावर अवलंबून आहे याची नोंद ठेवण्याची युक्ती निघाली. मिनिटांचे सेकंद झाले. शेवटी मायपाय स्वतःच्याच टाइप हिंटच्या आधारे सीमध्ये कंपाइल केले आणि ते सुमारे चौपट वेगवान झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये लेहतोसालोंनी या प्रवासाची हकिकत लिहिली तेव्हा ड्रॉपबॉक्सच्या ४० लाख ओळी तपासणीखाली आल्या होत्या.

याच सुमारास एडिटरचे जगही बदलत होते. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळी व्यवस्था लिहावी लागे. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांना बरोबर घेऊन, लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. भाषेची जाण असलेला एक सर्व्हर लिहायचा आणि कोणत्याही एडिटरने त्याला विचारायचे, इथे डॉटपुढे काय येऊ शकते? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एरिक ट्राउट यांचे पायराइट आले आणि पुढच्या वर्षी त्यावर उभारलेले पायलान्स व्हीएस कोडमध्ये आले. अक्षर टाइप होता होता तपासायचे अशीच पायराइटची मूळ रचना होती, आणि न लिहिलेले टाइपही ते कसून ओळखायचे. तपासनीस आणि सुचवणारा यांच्यातली भिंत इथे पडली.

लेखनपद्धतीत सुधारणा होत राहिल्या. पायथन ३.६ मध्ये व्हेरिएबललाही टाइप लिहिता येऊ लागले. ३.९ पासून यादी, डिक्शनरी यांच्यासाठी वेगळी मोठ्या अक्षरांची नावे आयात करण्याची कटकट गेली. ३.१० मध्ये 'हा किंवा तो' टाइप एका उभ्या रेघेने लिहिता येऊ लागला. पण यांत माझ्या लेखी सगळ्यांत मोठी भर ३.८ मधल्या 'प्रोटोकॉल'ची, पेप ५४४ ची. फंक्शनला कोणत्या जातीची वस्तू हवी हे न लिहिता तिला काय करता यायला हवे एवढेच त्यात लिहिता येते, आणि तपासनीस तेवढेच पडताळून पाहतो. ज्या बदकासाठी २००४ मध्ये लोक भांडले होते त्याला टाइपच्या जगात रीतसर जागा मिळाली.

मोकळ्या ठेवलेल्या जागेने मात्र एक पेचही उभा केला. पायथन ॲनोटेशनकडे दुर्लक्ष करते, पण ती फेकून देत नाही. फंक्शनला चिकटवून ठेवते, आणि चालत्या प्रोग्रॅमला ती वाचता येतात. पिडॅन्टिक या लायब्ररीने तेच केले. ॲनोटेशन वाचून बाहेरून आलेली माहिती तपासायची. २०१८ मध्ये सेबास्टियान रामिरेझ यांचे फास्टएपीआय हे वेब फ्रेमवर्क त्यावर उभे राहिले आणि झपाट्याने पसरले. पण त्याच वर्षीच्या पायथन ३.७ मध्ये ॲनोटेशन नुसता मजकूर म्हणून साठवण्याचा पर्याय आला होता, आणि ३.१० मध्ये तोच नियम व्हायचा होता. एप्रिल २०२१ मध्ये, ३.१० चा आराखडा गोठवायला काही आठवडे उरलेले असताना, पिडॅन्टिकचे कर्ते सॅम्युएल कॉल्व्हिन यांनी धोक्याची घंटा वाजवली. असे झाले तर आमच्यासारख्या लायब्ऱ्या मोडतील. गिडोंनी २०१८ मध्ये नेतृत्व सोडल्यानंतर निर्णय स्टिअरिंग कौन्सिलकडे गेले होते. कौन्सिलने ऐकून घेतले आणि बदल मागे घेतला. त्यावर लॅरी हेस्टिंग्ज यांचा वेगळा तोडगा, ॲनोटेशनची किंमत कोणी विचारेल तेव्हाच काढायची, ऑक्टोबर २०२५ च्या पायथन ३.१४ मध्ये लागू झाला. हजारो लोक आपल्या कामासाठी ज्यावर अवलंबून आहेत ते मोडायचे नाही, हा त्या कौन्सिलचा निर्णय मला टाइपच्या कोणत्याही सिद्धांताइतकाच महत्त्वाचा वाटतो.

२०२५ च्या मे महिन्यात आणखी दोन अवजारे पुढे आली, ॲस्ट्रलचे टीवाय आणि मेटाचे पायरेफ्लाय. दोन्ही रस्ट भाषेत लिहिलेली, आणि दोन्ही पहिल्या दिवसापासून तपासनीसही आणि लँग्वेज सर्व्हरही. सगळ्यांचे एकमत आहे असे मात्र नाही. ज्या कोडवर टाइप लिहिलेले नाहीत तिथे काय धरायचे, रिकाम्या यादीत पुढे काय येईल असे मानायचे, याची उत्तरे मायपाय, पायराइट आणि ही नवी अवजारे आपापल्या परीने देतात. त्यामुळे तीच ओळ एका एडिटरात निर्धोक दिसते आणि दुसऱ्यात लाल रेघ उमटते. असे मतभेद मिटवण्यासाठी २०२३ मध्येच टायपिंग कौन्सिल स्थापन झाली होती. पूर्वी निरनिराळ्या पेपांमध्ये विखुरलेले नियम एका ग्रंथात आणायचे, आणि प्रत्येक तपासनीस त्यातल्या कोणत्या कसोटीवर उतरतो आणि कोणत्या नाही याचा तक्ता सगळ्यांसमोर ठेवायचा, हे काम तिथे चालू आहे.